पार्श्वभूमी : चाकांचं धनुष्य आणि उघडी बोटं

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांचं विजेतेपद पटकावलं. दोघांच्याही हातात कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं बसवलेलं धनुष्य होतं. फोनवर ज्यांनी ते सामने पाहिले त्यांच्या डोक्यात कंपाउंडचं एक चित्र कायमचं बसलं. पुढे दांडीवर नेम धरायचं भिंगाचं साइट, दोरीत गुंफलेलं, ज्यातून बघायचं ते बारीक भोकाचं पीप, आणि दोरीला बोट न लावता मुठीतल्या रिलीज नावाच्या साधनाच्या आकड्यानं ती ओढणारा आणि सोडणारा खेळाडू.

त्यामुळे मुंबईतल्या एखाद्या क्लासात कुणी कंपाउंडची दोरी सरळ तीन बोटांनी ओढली, तीही साइट काढून, तर बाजूचा हमखास म्हणतो, "अरे, मग रिकर्व्हच घे ना!" रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं, बोटांनीच ओढायचं धनुष्य. सल्ला व्यवहाराचा आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे, की कंपाउंड हे मुळातच रिलीज आणि साइटसाठी बनलं आणि बोटांनी मारणारा त्याचा गैरवापर करतोय. इतिहास नेमका उलटा आहे.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन यानं १९६०च्या दशकात रिकर्व्ह धनुष्याची टोकं कापून त्या जागी चाकं बसवली. १९६६ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९६९च्या डिसेंबरात ते मिळालं. खुबी चाकात नव्हती, चाकाच्या भोकात होती. आस मध्यातून न घेता एका बाजूला घेतली की चाक फिरताना तरफेचं माप बदलतं. ओढायला सुरुवात केली की वजन चढत जातं, शिखर गाठतं आणि मग शेवटच्या टप्प्यात एकदम उतरतं. ही उतरण म्हणजे लेट-ऑफ. ६० पौंडांच्या धनुष्यात लेट-ऑफ ५० टक्के असेल तर पूर्ण ओढल्यावर बोटांवर ३० पौंड राहतात. ८० टक्के असेल तर फक्त १२.

अ‍ॅलनकडून पहिला परवाना घेऊन टॉम जेनिंग्जनं ही धनुष्यं बाजारात आणली. ती घेणारे होते शिकारी आणि जंगलवाटांवरच्या फील्ड स्पर्धांतले तिरंदाज. त्यांच्या हातात आधीपासून टॅब, म्हणजे बोटं वाचवणारा चामड्याचा तुकडा, किंवा हातमोजा होता, आणि बरेचसे साइटशिवायच मारत. त्यांनी नवं धनुष्य उचललं आणि जुन्याच बोटांनी ओढलं. धनुष्यंही तशीच होती, एका चाकाच्या आसापासून दुसऱ्या चाकाच्या आसापर्यंत चार फुटांच्या आसपास लांब, गोल चाकांची, पोलादी केबलची. आज ती कुणाच्या माळ्यावर सापडली तर सायकलच्या दुकानातून आल्यासारखी दिसतात.

मग बोटं मागे का पडली? लोक सहसा म्हणतात, रिलीज जास्त अचूक म्हणून. खरं आहे, पण अर्धंच.

बोटांनी सोडलेली दोरी सरळ पुढे जात नाही. तीन बोटांच्या टोकांवरून ती घरंगळते, त्यामुळे आधी किंचित बाजूला सरकते आणि मग परत येते. या धक्क्यानं बाण सुटताना आडवा वाकतो, उलट्या बाजूला वाकतो, आणि असा सळसळत धनुष्याला वळसा घालून जातो. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमननं अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं, तोवर ते डोळ्यांनी कुणाला दिसलेलंच नव्हतं. म्हणून बोटांच्या तिरंदाजाला बाणाच्या बाजूला स्प्रिंगचं बटन लागतं. व्हिक बर्गरच्या नावानं ते बर्गर बटन झालं, आपल्याकडे सगळे प्लंजर म्हणतात. रिलीजनं सोडलेली दोरी मात्र जवळपास सरळ जाते आणि बाण वाकलाच तर वर-खाली वाकतो. त्याला बाजूचा आधार नको, खालून आधार हवा. तेव्हा रेस्ट, म्हणजे बाण ज्यावर टेकतो तो भाग, बदलली. आधी खालून पातळ पट्टीवर बाण ठेवू लागले, पुढे बाण निघताच खाली पडणारी फॉल-अवे रेस्ट आली. बोटांनी मारणाऱ्याला ती जवळजवळ निरुपयोगी.

इथवर रिलीजचा फायदा झाला. पण १९७०च्या दशकात रिलीज पसरल्यावर धनुष्य बनवणाऱ्यांना कळलं की आता दोरी एकाच बिंदूवर पकडली जाते, तर धनुष्य लांब ठेवायची गरजच काय? आखूड धनुष्य ओढलं की दोरीचा कोन टोकदार होतो. तीन बोटं त्या कोनात अडकतात. वरचं आणि खालचं बोट चिमटलं जातं, बाणाची नॉक, म्हणजे दोरीत बसणारी मागची खाच, मध्ये दाबली जाते आणि बाण रेस्टवरून उचलला जातो. रिलीजच्या आकड्याला या कोनाचं सोयरसुतक नाही. धनुष्यं दरवर्षी आखूड होत गेली. ४०हून अधिक इंचांवरून शिकारीची धनुष्यं आज तीस-बत्तीस इंचांवर आली आहेत.

दुसरी गोष्ट लेट-ऑफची, आणि ही ऐकताना विचित्र वाटते. बोटांवर वजन जितकं कमी तितकं सोडणं अवघड. ३० पौंडांचा ताण असेल तर बोटं सैल होताच दोरी स्वतःच्या जोरावर निसटते. १२ पौंडांची दोरी बोटांना घासत, त्यांच्या लहरीप्रमाणे जाते. रिलीजवाल्यांना हलकं वजन हवं होतं, म्हणजे नेम धरून निवांत उभं राहता येतं. कारखान्यांनी ते दिलं आणि प्रत्येक सुधारणेबरोबर धनुष्य बोटांसाठी आणखी वाईट झालं. बोटांचं कौशल्य कमी पडलं असं मला वाटत नाही. त्यांच्यासाठी धनुष्य बनवणंच थांबलं.

हातानं दोरी कशी धरायची यावर धनुष्याची लांबी ठरते, हे जगात नवीन नाही. इंग्लंडची यू झाडाची लांब धनुष्यं सहा फूट आणि त्याहून मोठी, ती बोटांनी ओढायची. तुर्की आणि मोगल शिंग-स्नायूंची धनुष्यं आखूड, घोड्यावरची, ती अंगठ्यानं ओढायची आणि अंगठ्यात दगडाची किंवा हस्तिदंताची अंगठी घालायची. अंगठी दोरीला एकाच जागी धरते, म्हणून टोकदार कोन चालतो. आजचं आखूड कंपाउंड आणि रिलीज ही जोडी त्या मोगल जोडीचीच यांत्रिक नात आहे, असं मी म्हणेन. (जपानी युमी सात फुटांची असून अंगठ्याचीच, तेव्हा याला अपवाद आहेत.)

आपल्याकडे तर ही कथा सगळ्यांना पाठ आहे, फक्त शेवट कुणी सांगत नाही. एकलव्यानं अंगठा कापून दिला इथे आपण थांबतो. आदिपर्व पुढे सांगतं, की त्यानंतर तो निषादपुत्र बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीइतका चपळ राहिला नाही. म्हणजे द्रोणानं त्याचं धनुष्य बंद केलं नव्हतं, पकड बदलायला लावली होती, आणि पकड बदलली की वेग जातो हे कथा रचणाऱ्याला माहीत होतं.

भारतात बोटांच्या कंपाउंडचा काळ आलाच नाही. अमेरिकेत तो शिकाऱ्यांनी टिकवला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा रस्ता बंद केला, आणि त्याच वर्षी म्युनिकमध्ये तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परतली ती रिकर्व्हची. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ची. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड आलं १९९५ साली जकार्तात, एशियाडमध्ये २०१४ला इंचॉनमध्ये, जिथे भारताच्या पुरुष संघानं सुवर्ण जिंकलं. आपल्यापर्यंत कंपाउंड पोहोचलं तेव्हा ते पूर्ण साजशृंगारासह आलं. मधली वीस-पंचवीस वर्षं आपण पाहिलीच नाहीत, म्हणून बाजूचा हसतो.

नियमांत या प्रकाराची जागा कुठे आहे, हे दोन संस्थांकडे वेगवेगळं आहे. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या बेअरबो, म्हणजे साइटशिवाय मारायच्या गटात धनुष्य दोरी उतरवल्यावर १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून पार जावं लागतं. चाकाचं धनुष्य तिथे मुळातच बाद, बेअरबो म्हणजे रिकर्व्हच. फील्ड तिरंदाजीची दुसरी आंतरराष्ट्रीय संस्था, आयएफएए, मात्र बेअरबो कंपाउंड असा स्वतंत्र गट ठेवते. तिथे दोरी टॅब, हातमोजा किंवा नुसत्या बोटांनीच ओढायची, आणि नेम धरायला उपयोगी पडेल अशी खूण धनुष्यावर नको. जगात हा प्रकार जिवंत आहे तो बराचसा या गटामुळे आणि अमेरिकेतल्या तशाच वर्गांमुळे.

साइट नसताना नेम धरतात तो बाणाच्या टोकानं. बाण डोळ्याच्या खाली असतो, त्यामुळे एका ठरावीक अंतरावर टोक मध्यावर ठेवलं की बाण मध्यावर लागतो, त्याच्या अलीकडे तो वर जातो. कंपाउंडचा बाण वेगवान, म्हणून हे अंतर लांब पडतं. आणि मुंबईची अडचण इथेच सुरू होते. ५० मीटरची मोकळी पट्टी आणि तिच्यामागे कुणी चालणार नाही अशी जागा या शहरात क्रिकेटवाल्यांनाही मिळत नाही. हाती येतो तो एखादा हॉल, फार तर १८ मीटरचा. तिथे कंपाउंडवाल्याला बाणाचं टोक कागदाच्या बरंच खाली, कधी स्टँडच्या पायावर धरावं लागतं, तेव्हा कुठे बाण मधल्या पिवळ्यात जातो. पाहुण्याला वाटतं, हा जमिनीत मारतोय.

यावर उपाय म्हणजे बोटं दोरीवर नॉकच्या खाली सरकवणं, स्ट्रिंग वॉकिंग. बाणाचा मागचा भाग डोळ्याजवळ येतो आणि टोक वर घेता येतं. रिकर्व्हचे बेअरबोवाले हेच करतात. पण कंपाउंडमध्ये दोरी नॉकपासून दूर ओढली की वरचं आणि खालचं चाक सारखं फिरत नाही आणि धनुष्य बेसूर होतं. जुनी गोल चाकं हे बऱ्यापैकी सोसतात, आजची वेड्यावाकड्या आकाराची चाकं, म्हणजे कॅम, फारच थोडं. म्हणून काहीजण बोटं जागीच ठेवून चेहऱ्यावरचा अँकर, म्हणजे ओढलेला हात टेकवायची जागा, बदलतात, हनुवटीवरून गालाच्या हाडापर्यंत. जुलैत आणखी एक भर पडते. टॅबचं चामडं दमट हवेत फुगतं, दोरीला चिकटतं, आणि कालपर्यंत छान सुटणारा बाण डावीकडे जायला लागतो. किटमध्ये टाल्कमचा डबा असतो तो यासाठी, घामासाठी नाही.

मुंबईत कुणाला हे करायचंच असेल तर धनुष्य जुनं आणि लांब शोधावं. ४० इंच किंवा जास्त, लेट-ऑफ ६५ टक्क्यांच्या आत, प्लंजर बसेल असं भोक असलेलं. असं धनुष्य सहसा नव्या बॉक्सात मिळत नाही, कुणी तरी सोडून दिलेलं असतं. लोकलमध्ये ते रिकर्व्हसारखं सुटं करून पाठीवर टाकता येत नाही, उभी लांब पेटी घेऊन चढावं लागतं, तेव्हा सकाळी विरारची गाडी टाळावी.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदा खेळला जाईल. त्यात उतरणारे सगळे रिलीज आणि साइटवाले असतील यात शंका नाही. पण वर्ल्ड आर्चरीच्या कंपाउंड गटाचे नियम या दोन्ही गोष्टींना परवानगी देतात, सक्ती करत नाहीत. ताण ६० पौंडांच्या आत असेल तर बोटांनी, साइटशिवाय मारणारा माणूस आजही त्याच रेषेवर, त्याच ५० मीटरवर, त्याच ८० सेंटिमीटरच्या कागदावर ७२ बाण मारू शकतो. गुणपत्रिकेत त्याच्यासाठी वेगळा रकाना नसतो, एवढंच.