पावसाळी घरातलं कपाट आणि ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द

कोकणातल्या जुन्या घरांत भिंतीतलं फडताळ असे, त्याला सागाची नाहीतर फणसाची दारं. श्रावणात ती फुगून अडकत, दिवाळीपर्यंत पुन्हा सैल होत. प्लाय, म्हणजे लाकडाचे पातळ थर गोंदाने चिकटवून केलेली फळी, आपल्याकडे आला तो आधी आसामात, चहाच्या पेट्यांसाठी. डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने वृक्षतोडीवर निर्बंध घातले, तिकडच्या प्लायच्या गिरण्या थंडावल्या आणि पुढे हरियाणातल्या यमुनानगरचा पॉप्लर आणि केरळचं रबरवुड बाजारात पसरलं. लाकूड बदललं तरी दुकानातली भाषा तीच राहिली, आणि खरा घोळ त्या भाषेतच आहे.

‘तीनशे तीनचा माल आहे’ असं दुकानदार सांगतो तेव्हा निम्मीच गोष्ट कळते. आयएस ३०३ या एकाच भारतीय मानकात दोन दर्जे होते: एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, ओल सोसणारा), म्हणजे बाजारातला ‘कमर्शियल’, आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट, उकळतं पाणी सोसणारा). पहिल्यात सहसा युरियाचा गोंद असतो, दुसऱ्यात फिनॉलचा. एमआरचा तुकडा ६० अंशांच्या पाण्यात ३ तास ठेवतात, बीडब्ल्यूआरचा ८ तास उकळतात. आयएस ७१०, म्हणजे मरीन, ७२ तास उकळतात. या चाचणीत पाहतात ते मुख्यतः गोंद थर सोडतो का, एवढंच. कापलेल्या कडेतून लाकूड किती पाणी पितं किंवा चार महिने दमट हवेत त्याला बुरशी धरते का, याचं उत्तर तिथे मिळत नाही. तरी ‘वॉटरप्रूफ’ म्हटलं की गिऱ्हाईक निश्चिंत होतं. मला हा शब्द सुतारकामातला सगळ्यात महागडा गैरसमज वाटतो.

सुतार कड बघतात, थरांमधली गोंदाची रेघ: फिनॉलची गडद तपकिरी, युरियाची फिकी. पण गोंदात रंग घालून रेघ गडद करतात, त्यामुळे डोळ्यावर भिस्त ठेवू नये. फळीवरचा मानकाचा शिक्का आणि त्यावरचा दर्जा दोन्ही वाचावेत.

एचडीएचएमआर या दाबून केलेल्या दाट बोर्डाच्या नावातही ‘मॉइश्चर रेझिस्टन्स’ आलाच. तो साध्या एमडीएफपेक्षा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डापेक्षा) बराच बरा, पण साचलेल्या पाण्यासाठी नाही. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड, फारसा फुगत नाही, मात्र त्याची लांब फळी वजनाने वाकते आणि स्क्रू पुन्हा काढून बसवला की पकड जाते.

सगळं घर मरीनचं करण्यापेक्षा पैसा सिंकखालच्या युनिटवर घालावा. तिथे पाइपासाठी पाडलेलं भोक बहुतेक वेळा उघडंच राहतं. वरून सनमायका चकचकीत, आणि त्या भोकाच्या कडेला पहिल्याच पावसाळ्यात काळपट वर्तुळ.