मान आखडली की गरम शेकायचं का बर्फ लावायचा?

सकाळी उठलं आणि मान एका बाजूला वळतच नाहीये असं झालं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते गरम पिशवीने शेक, दुसरी म्हणते अजिबात नको, आधी बर्फ लाव. खरं सांगायचं तर साध्या आखडलेल्या मानेला दोन्ही चालतं. फक्त ते का चालतं याची जी कारणं आपण ऐकत आलोय, म्हणजे उष्णतेने आतली गाठ विरघळते, बर्फ सूज ओढून घेतो वगैरे, ती काही खरी नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे पिशवीची उष्णता फार आत जातच नाही. त्वचा चांगली तापते, पण एक-दोन सेंटीमीटर खाली गेलं की फरक अगदी थोडा उरतो, कारण वाहतं रक्त ती उष्णता सोबत घेऊन जातं. आणि मानेचे बरेच स्नायू त्याहून खोल असतात. मग आराम कसा पडतो? तर मुख्य काम होतं ते त्वचेतल्या नसांवर (रक्ताच्या नव्हे, संवेदना वाहणाऱ्या, म्हणजे मज्जातंतूंवर), आणि तिथून पुढे मणक्यात आणि मेंदूत.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली, गेट कंट्रोल नावाने ती ओळखली जाते. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मणक्यातल्या मज्जारज्जूत एका फाटकातून जातो, आणि त्याच वेळी त्याच भागातून स्पर्शाचे, दाबाचे निरोप यायला लागले की ते फाटक थोडं लोटलं जातं, दुखणं कमी पोचतं. कुठे आपटलं की आपण आपोआप ती जागा चोळतो ना, ते यामुळेच. शेकाच्या उबेचाही यात हातभार असतो असं मानतात. थिअरीत नंतर बऱ्याच सुधारणा झाल्या पण मूळ मुद्दा टिकून आहे.

दुसरा भाग, म्हणजे नसांना गरम-गार कळतं कसं, तो मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो. १९९७ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने मिरचीतल्या कॅप्सेसिनचा (तिला तिखट करणाऱ्या द्रव्याचा) माग काढत काढत नसांवरचा उष्णतेचा सेन्सर शोधला, टीआरपीव्ही१ त्याचं नाव, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो चालू होतो आणि भाजतंय अशी जाणीव होते. मग २००२ मध्ये थंडीचा सेन्सर सापडला, टीआरपीएम८, तो ज्युलियस आणि दुसरे शास्त्रज्ञ आर्डेम पटापूटियन या दोघांनी वेगवेगळा शोधला आणि दोघांनीही त्यासाठी पुदिन्यातलं गार वाटणारं मेंथॉल वापरलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. बाम लावल्यावर जे गार किंवा गरम वाटतं ते याच सेन्सरमुळे, स्नायू खरा गार किंवा गरम झालेला नसतो.

आता हा ४३ चा आकडा लक्षात ठेवा, कारण ४४ अंशाच्या आसपासची उष्णता सुद्धा सहा एक तास सतत लागली तर त्वचा भाजू शकते. म्हणजे चटका बसत नाहीये म्हणून हीटिंग पॅड मानेखाली ठेवून झोपून जाणं हे अजिबात सेफ नाही. रोज रोज तासन्‌तास शेकत राहिलं तर त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डागही पडतात. पंधरा-वीस मिनिटं, मध्ये टॉवेल, एवढं पुरे. बाम चोळून वरून शेक तर नकोच, भाजायची भीती वाढते.

बर्फाचं काम वेगळं. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, नसांमधून निरोप जायचा वेग मंदावतो आणि जागा बधिर होते. तोही कपड्यात गुंडाळूनच, दहा-पंधरा मिनिटं. आधी ४८ तास बर्फ मग शेक हा नियम मुरगळलेल्या घोट्याला वगैरे ठीक आहे, तिथे सूज डोळ्याला दिसते, पण रात्री वाकडी राहून आखडलेल्या मानेत तशी सूज बहुतेक नसतेच. दुखापतीवर आराम आणि बर्फ हा सल्ला १९७८ मध्ये गाजवणारे डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये सांगितलं की बर्फामुळे भरून यायला उशीर होऊ शकतो, कारण सूज हा दुरुस्तीचाच भाग आहे.

आणि समोरासमोर तुलना? २०१० च्या एका अभ्यासात मान किंवा पाठ लचकलेल्या ६० जणांना आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी देऊन कोणाला अर्धा तास गरम पॅक, कोणाला थंड पॅक दिला, दोन्हीकडे आराम थोडासाच आणि जवळपास सारखाच. म्हणून तुम्हाला जे बरं वाटतं ते घ्या, त्यात चूक काही नाही.

गळ्याच्या पुढच्या भागात आणि बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, गरम-थंड काहीच ठेवू नका. डायबिटीसमुळे संवेदना कमी झाली असेल तर चटका कळतच नाही, तिथे आधी डॉक्टरांना विचारा. मानेसोबत ताप आणि जोरात डोकेदुखी, हातात मुंग्या किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, किंवा छातीत दाब, यातलं काहीही असलं तर शेकत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

बाकी साध्या आखडलेपणात शेकाचा खरा फायदा नंतर मिळतो. शेकल्यावर थोडा वेळ मान सैल वाटते, तेवढ्यात ती हळूहळू डावीकडे, उजवीकडे, खाली, जिथपर्यंत जाते तिथपर्यंत न्यायची, झटका द्यायचा नाही, दिवसातून चार-पाच वेळा तरी. कॉलर घालून दिवसभर मान बांधून ठेवली तर ती उलट आणखी आखडते, डॉक्टरांनीच लावायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.