धातूही नाही, दुर्वाहकही नाही

लँथॅनम कॉपर ऑक्साइड कागदावर धातू ठरतो. त्यातल्या तांब्याच्या दर अणूमागे एक सुटा इलेक्ट्रॉन असतो, म्हणजे वीज वाहायला हरकत नाही. प्रत्यक्षात हा पदार्थ ठार दुर्वाहक आहे. एका अणूवर दोन इलेक्ट्रॉन आले तर त्यांच्यातलं प्रतिकर्षण एवढं मोठं, की शेजारी सरकण्यापेक्षा प्रत्येकजण जागा धरून बसतो.

थोड्या लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं की काही इलेक्ट्रॉन कमी होतात, मागे मोकळ्या जागा उरतात. त्यांना होल म्हणतात. दर शंभर तांब्यांमागे पाच-सहा होल झाले की थंड केल्यावर अतिवाहकता, म्हणजे विजेला शून्य रोध, दिसू लागते. याच कुळातल्या बेरियमवाल्या भावंडात ती 1986 मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्त्झ आणि म्युलर यांना सापडली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेलही मिळालं.

मला मात्र खरी गंमत वाटते ती कमी होलांच्या टोकाला. शेकडा एकच होल असलेला स्फटिक खोलीच्या तापमानापासून थंड करत न्या: रोध आधी चक्क कमी होतो, धातूत होतो तसा. आणखी थंडी वाढली की मग तो चढायला लागतो, कारण होल आता अडकून पडतात आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उड्या मारतच जातात.

हे मोजायचं कसं? काही मिलिमीटरच्या स्फटिकाला चांदीच्या पेस्टने सोन्याच्या चार बारीक तारा चिकटवतात. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोनांवर व्होल्टेज बघायचं. दोनच तारा वापरल्या तर जोडाचा स्वतःचा रोध आकड्यात मिसळतो आणि मोजमाप वाया जातं.

होल वाढवले की वेगळीच पंचाईत होते. अतिवाहकता आली की रोध शून्य, आणि खाली काय चाललंय ते झाकलं जातं. योइची आंदो, ग्रेग बोबिंगर या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये ही अतिवाहकता मोडूनच काढली. त्यांनी 60 टेस्लापर्यंतचं चुंबकीय क्षेत्र वापरलं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या दहा लाखपटींहून जास्त. असं क्षेत्र काही मिलिसेकंदच टिकतं, तेवढ्यात मोजून घ्यायचं.

खाली दिसला तो लॉगॅरिदम. तापमान दहाव्या भागावर आणलं की रोध जितका वाढतो, त्याच्याही दहाव्या भागावर आणलं की पुन्हा साधारण तितकाच वाढतो. खरा दुर्वाहक याहून कितीतरी झपाट्याने चढला असता. खरा धातू एका ठरावीक आकड्यावर थांबला असता. पातळ थरांत अशी लॉगॅरिदमिक चाल ओळखीची आहे, पण इथे ती स्फटिकातल्या थरांना काटकोनातल्या दिशेतही निघाली, त्यामुळे नेहमीचं स्पष्टीकरण लागू पडेना. कारणाबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही.

पुढच्याच वर्षी याच गटाने होल वाढवत नेले. शंभरी सोळाच्या आसपास हा चढ नाहीसा झाला, आणि अतिवाहकतेचं तापमानही सर्वांत उंच असतं ते जवळपास तिथेच.