वॅप-७ आणि वॅग-९ : ताकद सारखीच, दात वेगळे

भुसावळच्या यार्डातून कोळशाचा भरलेला रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी माळ, हलला की फलाटावरचं कुणी ना कुणी म्हणतंच, "मालगाडीचं इंजिन म्हणजे डबल पावर, भो!" हेच वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं, व्हिडिओंखाली दिसतं. प्रवासी गाड्यांचं विजेचं इंजिन वॅप-७ वेगवान पण ताकदीला कमी, मालगाड्यांचं वॅग-९ हळू पण दुप्पट ताकदीचं, अशी वाटणी लोकांनी करून टाकली आहे. ती साफ चूक आहे, आणि या चुकीपायी त्या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट नजरेआड होते.

अक्षरांचं फारसं सांगत नाही. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारं, पी पॅसेंजरचं, जी गुड्सचं. रंगावरून ओळखायची सवय मात्र मोडा. पांढऱ्यावर लाल पट्टा दिसला की वॅप-७ आणि हिरवं दिसलं की वॅग-९ हा हिशोब आता चालत नाही, रंगसंगती किती तरी बदलल्या. अंगावर नाव ठळक लिहिलेलं असतं, ते वाचावं.

आता मुद्द्याचं. ही दोन वेगळी इंजिनं नव्हेतच, एकाच आईची लेकरं आहेत. एबीबी कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन १९९६ च्या सुमारास वॅग-९ भारतात आलं, १९९८ पासून चित्तरंजनच्या कारखान्यात बनू लागलं, आणि २००० साली त्याच इंजिनाचं गियर प्रमाण बदलून वॅप-७ तयार केलं. दोघांना सहा आसं (ॲक्सल), प्रत्येक आसाला एक मोटर, प्रत्येक मोटर ८५० किलोवॅटची. मूळ वजन दोघांचं १२३ टन. अश्वशक्ती दोघांची सहा हजारांच्या आसपास. फरक पडतो तो मोटर आणि चाक यांच्या मधल्या दातेरी जोडीत.

मूळ वॅग-९ मध्ये मोटरच्या पिनियनला, म्हणजे लहान दातेरी चक्राला, १५ दात आणि आसावरच्या मोठ्या चक्राला ७७. म्हणजे मोटर पाच फेरे आणि वर थोडी फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. वॅप-७ मध्ये २० आणि ७२, म्हणजे मोटरच्या ३.६ फेऱ्यांना चाकाचा एक. काळ्या जमिनीत नांगरट करताना ट्रॅक्टर लो गियरमध्ये टाकतात आणि तोच ट्रॅक्टर कापूस भरून जिनिंगला निघाला की वरच्या गियरमध्ये, हे खान्देशात पोरासोरांनाही माहीत आहे. गियर बदलला म्हणून पन्नास एचपीचा ट्रॅक्टर शंभरचा झाला असं शेतात कुणी म्हणत नाही. रेल्वेच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हणतात. इथे फरक एवढाच की इंजिनात गियर बदलायचा दांडा नसतो. कारखान्यात जे प्रमाण बसवलं, ते कायमचं.

आकडे बघा, मला तर ते पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात. सुरुवातीची ओढ वॅग-९ ची ४६० किलोन्यूटन, म्हणजे ४७ टन उभे उचलायला लागेल तेवढा जोर. वॅप-७ ची ३२३, म्हणजे ३३ टन. वॅग-९ सुमारे १.४ पट सरस. कमाल वेगात उलटं: वॅप-७ ताशी १४० किलोमीटर, वॅग-९ ताशी १००. पुन्हा १.४ पट. आणि दोन्ही गियर प्रमाणांचा भागाकार केला तर तोही १.४ च्या जवळच येतो. नवं चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं धरून हिशोब मांडला तर आपापल्या कमाल वेगाला दोघांच्या मोटरी मिनिटाला अडीच हजारांच्या जवळपास फेरे घेत असतात. मोटरला कळतही नाही की आपण राजधानीला जुंपलेलो आहोत की कोळशाला.

ओढ म्हणजे जोर. अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने लावता येतो ते. वॅग-९ ताशी ५० ला सुमारे ३२५ किलोन्यूटन सलग देतं, वॅप-७ ताशी ७१ ला सुमारे २२८. गुणाकार करा, दोन्हीकडे सोळा हजार आणि वर थोडं, म्हणजे शक्ती सारखीच.

कागदावर पटत नसेल तर कसाऱ्याला पटवून घ्या. मुंबईहून जळगावकडे येताना तिथे गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, कारण इगतपुरीपर्यंतचा थळ घाट ३७ ला १ असा चढतो. गाडी १२०० टनांची धरा, इंजिनाचे १२३ मिळवा, ३७ ने भागा. घर्षण सोडूनसुद्धा नुसती घसरण रोखायला ३६ टनांचा जोर लागतो. वॅप-७ कडे आहे ३३. अश्वशक्ती मात्र त्याच्याकडे एवढी आहे की शक्तीच्या हिशोबाने हीच गाडी ताशी चाळीसच्या पुढे चढायला हवी. शक्ती मुबलक आणि जोर अपुरा, हा भेद याहून स्वच्छ कुठेच दिसत नाही. बँकर लावण्यामागे डबे जोडणाऱ्या कपलिंगवरचा ताण कमी करणं आणि गाडी मागे घसरू न देणं ही कारणंही आहेतच. पण "एक्स्प्रेसच्या इंजिनात पावर कमी म्हणून" हे कारण कृपा करून देऊ नका.

मग सगळीकडे लहान पिनियनच का बसवत नाहीत? वेग जातो, हे एक. दुसरं, जोर कितीही निर्माण केला तरी तो रुळापर्यंत पोचवायला पकड लागते, आणि लोखंडावर लोखंड म्हणजे पकडीचा आनंदच. १२३ टनांच्या इंजिनाने ४७ टन ओढायचं म्हणजे वजनाच्या ३८ टक्के जोर चाक न घसरता लावायचा. इथे या अभियंत्यांना माझा मनापासून सलाम आहे. तारेतली २५ हजार व्होल्टची सिंगल फेज वीज आत येते, ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन आधी डीसी होते, आणि मग हव्या त्या फ्रिक्वेन्सीची थ्री फेज वीज होऊन मोटरला मिळते. मोटरमध्ये ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, म्हणजे वीज पोचवताना घासून झिजणारे भागच नाहीत. चाक घसरायला लागलं की संगणक ते ताबडतोब ओळखतो आणि जोर तेवढ्यापुरता उतरवतो. तरीही कमी पडतं म्हणून वॅग-९ एच या प्रकारात वजन मुद्दाम वाढवून १३२ टन केलं. हलकं ते चांगलं, हा नियम इथे उलटा चालतो.

खरोखरीचं डबल हवं असेल तर मधेपुऱ्याला बनणारं वॅग-१२ आहे: दोन भाग कायमचे जोडलेले, मिळून १२ हजार अश्वशक्ती. तो शब्द तिथे शोभतो.

बाकीचे फरक किरकोळ. बऱ्याच वॅप-७ मध्ये डब्यांचे दिवे आणि एसी चालवायला वीज पुरवणारी सोय असते, त्यामुळे जनरेटर डब्याची घरघर थांबते, ही चांगलीच गोष्ट. आणि कधी वॅग-९ लावलेली पॅसेंजर दिसली तर "चुकीचं इंजिन जोडलं" म्हणून हसू नका. ताशी १०० च्या वर जायचंच नसेल आणि थांबे जवळजवळ असतील तर प्रत्येक स्टेशनातून गाडी उचलायला ते वॅप-७ पेक्षा कणभर सरसच. मला विचाराल तर दोघांत माझी पसंती वॅग-९ लाच: ५८-५९ वाघिणींचा रेक, पाच हजार टनांच्या आसपास वजन, आणि एकही चाक न घसरता तो हळूहळू चालू लागतो.