ऑइलच्या डब्यावरची अक्षरं कुठून आली

जड डिझेल इंजिनासाठी ऑइल घेताना '१५डब्ल्यू-४०' हा आकडा सगळे वाचतात. शेजारच्या 'सीआय-४' किंवा 'सीके-४' या एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) दर्जाच्या अक्षरांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. आकड्यातून ऑइलचा पातळ-घट्टपणा तेवढा कळतो: थंडीत ते कितपत वाहतं, आणि १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्ये (घट्टपणाचं एकक) बसतं. इंजिनाला सोसेल की नाही हे अक्षरांवरून ठरतं, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर कुठल्या तरी बिघाडावरचा उतारा म्हणून आलंय.

१९३०च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांत साधं खनिज ऑइल वरच्या रिंगेच्या खाचेत जळून लाखेसारखं चिकटे. रिंगा जाम होत, कॉम्प्रेशन जाई, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येई. म्हणून ऑइलमध्ये डिटर्जंट घातलं. रिंगा मोकळ्या झाल्या, पण तांबे-शिशाची बेअरिंगं खाल्ली जाऊ लागली, तेव्हा गंज आणि ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं आली. जस्त-फॉस्फरसचं झेडडीडीपी त्यातलंच, आजही वापरात आहे.

डिझेलचं ऑइल लवकर काळं पडतं ते या घातलेल्या द्रव्यांमुळेच. काळं म्हणजे खराब नव्हे. काजळी अंगावर घेऊन तरंगत ठेवणं हेच त्याचं काम. शंका असेल तर गरम ऑइलचा थेंब टीपकागदावर सोडा. काळेपणा कडेपर्यंत सारखा पसरला तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मधोमध दाट ठिपका आणि भोवती नुसतं पिवळसर तेल दिसलं तर काजळी गोळा होऊ लागलीय; ऑइल बदला.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले. सिलिंडरात डिझेलचं इंजेक्शन उशिरा होऊ लागलं, तशी काजळी वाढली. १९९५ला सीजी-४, १९९८ला सीएच-४ आलं. ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत फिरवणारी यंत्रणा) आल्यावर जळालेला वायू परत सिलिंडरात जाऊ लागला, त्याबरोबर आम्लही. त्यासाठी २००२चं सीआय-४: आम्ल मारणारा अल्कलीचा साठा, म्हणजे टीबीएन, भरपूर.

पण तो साठा देणारी धातूची संयुगं जळली की राख उरते, आणि २००७च्या अमेरिकी नियमांबरोबर एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, बसलं. रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ करताना, काजळी जळते, राख जळत नाही. म्हणून २००६च्या सीजे-४मध्ये सल्फेटेड राखेला १ टक्क्याची मर्यादा घातली. डीपीएफच्या इंजिनात जास्त राखेचं जुनं सीआय-४ ओतलं तर फिल्टर लवकर तुंबतो, एक्झॉस्टमधला उलटा दाब (बॅकप्रेशर) वाढतो, रीजनरेशन वारंवार होतं. उलट चूकही तितकीच महागात पडते. जास्त गंधकाच्या डिझेलवर कमी राखेचं ऑइल लांब अंतरापर्यंत चालवलं तर टीबीएन संपतो आणि लाइनर, बेअरिंगं आम्लाने झिजतात. डिझेलमध्ये गंधक १५ पीपीएमहून (दहा लाखांत १५ भागांहून) जास्त असेल तर बदलण्याचं अंतर कमी करायलाच हवं.

२०१६च्या अखेरीस सीके-४ आणि एफए-४ एकत्र आले, आणि घोळ इथेच होतो. १५० अंशांवर जोराने घासलं जाताना सीके-४चा घट्टपणा किमान ३.५ सेंटिपॉइज राहतो, इंधन वाचावं म्हणून एफए-४मध्ये तो मुद्दाम २.९ ते ३.२ ठेवलाय. जुन्या बेअरिंगांना तेवढा थर पुरत नाही. दोन्हींच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असू शकतं. इंजिनाच्या पुस्तकात एफए-४ला स्पष्ट परवानगी नसेल तर ते भरू नका.