खोडदच्या अँटेना आणि आकाशातले कणत्वरक

व्हिक्टर हेस 1912 च्या ऑगस्टमध्ये फुग्यातून सुमारे 5,300 मीटरवर गेले, तेव्हा हवेतलं आयनीभवन (रेणूंचं विद्युतभारित होणं) कमी होण्याऐवजी वाढत गेलं. हे घडवणारे किरण वरून, अवकाशातून येत होते: हेच विश्वकिरण, म्हणजे प्रचंड ऊर्जेचे विद्युतभारित कण. त्या कणांना इतकी ऊर्जा कुठे मिळते, हा प्रश्न तेव्हापासूनचा. विद्युतभारित कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात वळणं घेत येतो, त्यामुळे तो ज्या दिशेने आला तिच्यावरून उगम कळत नाही. माग काढायचा तो त्वरण होतं तिथून निघणाऱ्या प्रकाशाचा.

भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी 1949 मध्ये सुचवलेलं, चुंबकीय ढगांवर आपटून होणारं त्वरण फार संथ होतं. 1977-78 मध्ये धक्कालाटेचा, म्हणजे वायूत ध्वनीहून वेगाने सरकणाऱ्या लाटेचा, सिद्धान्त आला: कण लाटेच्या अल्याड-पल्याड फेऱ्या मारतो आणि दर फेरीत थोडी ऊर्जा कमावतो. त्यातून पडताळता येणारा आकडाही निघाला. लाट जोरदार असेल, तर इलेक्ट्रॉनांच्या रेडिओ वर्णपटाचा उतार (वारंवारता वाढते तसं तेज किती झपाट्याने घटतं ते) 0.5 च्या आसपास यावा.

हा उतार मोजायला पुण्याहून सुमारे 80 किलोमीटरवर, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थंडावतात. जुन्या धक्क्यांची खूण कमी वारंवारतेतच टिकते, म्हणून ही दुर्बीण इथे मोलाची.

मोजणी मात्र नाजूक. 400 आणि 650 मेगाहर्ट्झच्या नकाशांपैकी एकाच्या तेजात 10 टक्के चूक झाली, तर उतार 0.2 ने हलतो, म्हणजे सिद्धान्त तपासण्यात अर्थच उरत नाही. दुसरी मोजणी 650 ऐवजी 1,260 मेगाहर्ट्झला घेतली, तर तीच चूक 0.09 वर येते. म्हणून दोन वारंवारता शक्य तितक्या लांब निवडाव्यात आणि 3सी 286 सारख्या, तेज आधीच माहीत असलेल्या रेडिओ स्रोताशी ताडून मोजणी जुळवून घ्यावी. सर्वांत फसवी चूक वेगळीच: नकाशा अँटेनांच्या जोड्यांचे संकेत जुळवून बनतो, आणि एकमेकींपासून दूर असलेल्या अँटेनांच्या जोड्यांना पसरट तेज दिसत नाही. वारंवारता वाढली की तीच जोडी तरंगलांबीच्या हिशेबात आणखी लांब होते, वरच्या वारंवारतेचं तेज हरवतं आणि उतार उगाच तीव्र भासतो. उपाय म्हणजे दोन्ही नकाशांत तरंगलांबीत मोजलेली अंतरं सारखीच ठेवणं आणि मग दोन्ही एकाच धूसरतेला आणणं.

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एबेल 3376 या दीर्घिकासमूहाभोवती कंकणासारख्या रेडिओ रचना, धक्कालाटांच्या संभाव्य खुणा, दाखवल्या, त्या अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीवरून.

रेडिओत दिसतात ते इलेक्ट्रॉन. प्रोटॉनांची खूण 2013 मध्ये मिळाली: आयसी 443 आणि डब्ल्यू 44 या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या, अवशेषांचा गॅमा वर्णपट सुमारे 200 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेखाली झपाट्याने उतरतो, प्रोटॉन वायूवर आदळून तयार होणाऱ्या पायॉन या अल्पजीवी कणांच्या विघटनातून अपेक्षित असतो तसाच.