करवंटी तीच, आतलं वेगळं: कावा आणि क्रॅटम

माझा भाचा फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला असतो. शनिवारी रात्री म्हणाला, "मावशी, चल, तुला बारमध्ये नेतो. घाबरू नकोस, दारूचा थेंब नसतो तिथे." गेले. दोघं बुद्धिबळ मांडून बसले होते, एक मुलगी गिटारच्या तारा जुळवत होती, कोपऱ्यात कुणीतरी परीक्षेचा अभ्यास करत होतं. अनोळखी माणसं येता-जाता "बुला!" म्हणत होती. हा फिजीतला नमस्कार. काउंटरमागच्या फळ्यावर दोन रकाने होते, एक कावाचा आणि एक क्रॅटमचा. मी विचारलं, यात फरक काय? भाचा म्हणाला, "दोन्ही सारखंच गं, झाडपाल्याचं."

सारखं नाही. आणि कावा बारमध्ये जाणाऱ्यांपैकी बरेच जण दारू सोडलेले किंवा सोडू पाहणारे असतात, म्हणून हा फरक आधी कळलेला बरा.

आधी नावाचा घोळ. हा गनिमी कावा नव्हे, काश्मिरी कहवाही नव्हे. स्पेनमध्ये अशाच नावाची फसफसणारी वाइन मिळते, ती तर थेट दारूच. आपला हा कावा पॅसिफिक बेटांवरचा. टोंगाच्या भाषेत या शब्दाचा अर्थच 'कडू'. झाड मिरीच्या कुळातलं, म्हणजे विड्याचं पान, काळी मिरी आणि पिंपळी यांचं भावंड. पान मात्र कुणी खात नाही, वापरतात ते मूळ. या झाडाला रुजणारं बी धरत नाही. माणसानं फांद्या तोडून लावल्या तरच ते पुढे जातं. वानुआतूमध्ये ते पहिल्यांदा माणसाळलं असं मानतात, आणि तिथून ते होड्यांमधून बेटोबेटी गेलं.

करायची रीत पाहिली की ओळखीची वाटते. मुळाची पूड फडक्यात बांधायची, पाण्यात बुडवायची आणि चिंच कोळावी तशी कोळत राहायचं. पाणी पावसाळ्यातल्या ओढ्यासारखं गढूळ होतं. चवही साधारण तशीच, वर मिरीची कडवट झाक. घोट गिळला की जीभ आणि ओठ बधिर होतात, लहानपणी अक्कलकारा चावून व्हायचे तसे. हे काम कावालॅक्टोन नावाच्या द्रव्यांचं. अंग सैल पडतं, मनाची घालमेल कमी होते, डोकं मात्र बऱ्यापैकी ताळ्यावर राहतं. पहिल्या एक-दोन खेपांना काहीच जाणवलं नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मीही त्यातलीच.

फिजीत पाहुणा गावात आला की आधी मुळांची जुडी पुढे ठेवतो. तनोआत, म्हणजे मोठ्या लाकडी पातेल्यात, कावा कालवतात आणि नारळाच्या करवंटीतून एकेकाला देतात. घेणारा एक टाळी वाजवतो, एका दमात पितो, मग तीन टाळ्या. 1879 पासून गिरमिटिया म्हणून तिथे नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशजही आज त्याच पातेल्याभोवती बसतात आणि त्याला 'ग्रॉग' म्हणतात. वानुआतूतला नाकामाल, म्हणजे तिथली कावा प्यायची जागा, मात्र अगदी वेगळा. उजेड मंद, बोलणं कुजबुजीत, बाजूला वळून करवंटी रिकामी करायची, थुंकायचं आणि गप्प बसायचं. तान्ना बेटावर तर परंपरेनं बायकांना तिथे प्रवेशच नव्हता. 'बेटांवरचा आपलेपणा' असं बारच्या भिंतीवर रंगवणाऱ्यांनी हा भाग सोयीस्करपणे वगळलेला असतो.

आता दुसरा रकाना. क्रॅटम हे आग्नेय आशियातलं झाड, कॉफीच्या कुळातलं. आपल्याकडचं कळंब त्याच्या अगदी जवळचं, दोघांची प्रजाती एकच: मित्रगायना. थायलंडच्या दक्षिणेत राबणारी माणसं थकवा मारायला त्याची ताजी पानं चघळत, आपल्याकडे तंबाखू मळतात तशी. तिथल्या सरकारनं 1943 साली त्यावर बंदी घातली आणि 2021 मध्ये उठवली. अमेरिकेत मात्र ताजं पान नव्हे, तर पूड, कॅप्सूल आणि तीव्र अर्क मिळतात.

खरी गोम इथे आहे. क्रॅटममधलं मित्रागायनिन मेंदूतल्या अफू-मॉर्फिनच्याच जागी जाऊन बसतं. थोडं घेतलं तर हुशारी येते, जास्त घेतलं तर गुंगी. रोज घेणाऱ्याला मात्रा वाढवत न्यावी लागते, आणि सोडायला गेलं की अंग दुखतं, झोप उडते, जीव कासावीस होतो. कावाचं याच्या उलट. नेहमीचे पिणारे सांगतात की सवय झाल्यावर उलट कमी पुरतो. दारू सोडून आलेल्या माणसाला पहिल्याच रात्री 'हेही झाडपाल्याचंच' म्हणून क्रॅटम हातात देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कायद्यातही दोघांची वाट वेगळी. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं 2016 मध्ये क्रॅटमवर बंदीचा इरादा जाहीर केला आणि लोक खवळल्यावर दोन महिन्यांच्या आत मागे घेतला. अलाबामासारख्या काही राज्यांनी मात्र स्वतःच बंदी घातली. कावावर जर्मनीनं 2002 मध्ये यकृताच्या भीतीनं बंदी आणली, ती 2014 मध्ये कोर्टानं फिरवली. वाद होता तो बराचसा रसायनं वापरून काढलेल्या गोळ्यांचा, पाण्यात कोळलेल्या मुळाचा नव्हे. पण तेवढ्यावरून कावा म्हणजे दूध नव्हे. यकृताचा त्रास असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील, पोटात बाळ असेल तर नकोच. दारूसोबत नको, पिऊन गाडी नको. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांच्या कातडीला खवले धरतात.

मग या बारमध्ये लोक जोडले जातात ते कशामुळे? मला वाटतं, निम्मं श्रेय पेयाच्या मंदपणाचं आहे. कावा अंगात चढायला वेळ घेतो, आवाज चढू देत नाही, आणि घरी एकट्यानं ते गढूळ पाणी कालवत बसायची हौस कुणाला असणार! क्रॅटमची पुडी गाडीत बसूनही घेता येते, नि बरेच जण तशीच घेतात. धंद्याच्या दृष्टीनं मात्र रोज परत यायला लावणारा माल तोच. त्यामुळे फळ्यावरचा दुसरा रकाना लवकर पुसला जाईल असं वाटत नाही.

त्या रात्री काउंटरवरच्या मुलानं मला न विचारता दोन्ही मिसळलेली करवंटी पुढे सरकवली होती. मी परत केली. आता जाते तेव्हा सरळ विचारते: नुसता कावा आहे का, कुठल्या बेटाचा, जात कोणती? जाणकार असेल तर 'वानुआतूचा, बोरोगु' असं चटकन सांगतो. बोरोगु ही रोज प्यायला चांगली समजली जाणारी जात. 'टू-डे', म्हणजे 'दोन दिवस', म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती वेगळ्या, त्यांची सुस्ती दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. समोरचा नुसताच हसला, तर मी लिंबू-सोडा घेते आणि बुद्धिबळाच्या टेबलाशी जाऊन बसते. तिथे करवंटीत काय आहे ते कुणी विचारत नाही, घोडा चुकीचा हलवला की मात्र सगळे एकदम बोलतात.